निखाऱ्यावर पारखलेला सुगंध: पारंपरिक धूपासाठी नैसर्गिक घटक कसे निवडावेत आणि वापरावेत

एखादा घटक हातात घेऊन हुंगला असता जो वास येतो, तोच वास तो जळताना येईल याची खात्री धरता येत नाही. गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या डबीत छान दरवळतात, पण निखाऱ्यावर पडल्या की पाचोळा जळल्याचा वास देतात. उलट नागरमोथ्याची काळपट, ओबडधोबड गाठ नुसती हुंगली तर फारसे काही हाती लागत नाही, मात्र मंद आचेवर तिच्यातून मातीकडे झुकणारा, गोडसर काष्ठगंध बाहेर पडतो. म्हणून नैसर्गिक घटकांपासून धूप किंवा धूपकांडी बनवू इच्छिणाऱ्याने प्रमाणांच्या मागे लागण्याआधी प्रत्येक घटक एकेकटा तापवून आणि जाळून ओळखावा, असा माझा आग्रह आहे. पुढील सर्व पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

धूपकांडी जळते म्हणजे काय होते

धूपकांडी ज्योतीने जळत नाही, ती धुमसते. टोकाशी एक लहानसा निखारा असतो, त्याच्यामागे राख राहते आणि त्याच्या पुढच्या अरुंद पट्ट्यात कांडी तापते, पण अजून पेटलेली नसते. सुगंधी तेलांचा मोठा भाग याच पट्ट्यातून वाफ होऊन निसटतो. जे निसटण्याआधीच निखाऱ्याच्या तावडीत सापडते, ते करपते. यावरून दोन गोष्टी ठरतात. निखारा विझू नये यासाठी कांडीत हवा खेळती ठेवणारा, सावकाश जळणारा आधार हवा, आणि सुगंधी द्रव्ये त्या आधाराला गुदमरवणार नाहीत इतकीच असावीत. पहिल्या प्रयत्नांत लोक बहुधा सुगंधाचा भरणा करतात आणि कांडी विझत राहते, त्याचे कारण हेच असते.

घटकांची विभागणीही त्यांच्या कामावरून करावी: आधार देणारे लाकूड, सगळे बांधून धरणारी चिकट भुकटी, गंध देणारी मुळे, साली व मसाले, आणि राळ व डिंक.

लाकूड: आधार आणि गंध

चंदनाचा सुगंध झाडाच्या गाभ्यात असतो. बाहेरचे पांढरट लाकूड जवळजवळ गंधहीन असते. गाभ्याला सुगंध येतो तो त्यातील सँटॅलॉल या द्रव्यांमुळे, आणि हा गाभा तयार व्हायला झाडाला अनेक वर्षे लागतात. म्हणूनच चंदन महाग आहे आणि म्हणूनच त्यात भेसळ होते. तेल काढून घेतल्यानंतर उरलेला चोथा दळून ‘चंदनाची पूड’ म्हणून विकला जातो. तो दिसायला अस्सल असतो, जळतोही चांगला, पण त्यात गंध नाममात्र उरलेला असतो. अशी पूड आधार म्हणून वापरायला हरकत नाही, फक्त ती आधाराच्याच किमतीला घ्यावी. शक्य असल्यास चंदनाचा लहान तुकडा घेऊन स्वतः किसावा.

आधारासाठी सगळे चंदनच हवे असे मुळीच नाही. देवदाराचा भुसा स्वस्त असतो, त्याचा गंध कोरडा आणि स्वच्छ असतो, आणि तो एकसारखा धुमसतो. रक्तचंदनाचा उपयोग मुख्यतः रंगासाठी होतो, त्याच्याकडून सुगंधाची अपेक्षा ठेवू नये. सुतारकामाच्या ठिकाणचा भुसा घेताना तो प्लायवूडचा किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा नाही याची पूर्ण खात्री करावी, कारण त्यातील गोंद आणि रसायने जळून थेट श्वासात जातात.

अगरूबद्दल थोडक्यात सांगायचे तर त्याचे निरोगी लाकूड फिके व गंधहीन असते. झाडाला जखम होऊन बुरशीचा संसर्ग झाला की त्याला उत्तर म्हणून झाड गडद राळ तयार करते आणि तीच अगरूचा सुगंध. या वृक्षांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स, म्हणजे संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. नवशिक्याने अगरूच्या वाटेला जाऊ नये. स्वस्त मिळाला तर तो बहुधा रंग व कृत्रिम तेल लावलेला असतो.

राळ आणि डिंक

धूपाचा आत्मा राळेत असतो असे मी मानतो, आणि सर्वांत जास्त गोंधळही याच घटकांच्या बाबतीत होतो. लोबान या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात, त्यामुळे ते ओळखता येणे आवश्यक आहे.

पहिला म्हणजे स्टायरॅक्स जातीच्या झाडांची राळ. हिलाच अनेक जण ऊद म्हणतात. ती प्रामुख्याने सुमात्रा आणि लाओस या भागांतून येते. खडा फोडला की आत पांढरट बदामाच्या आकाराचे ठिपके दिसतात आणि गंध व्हॅनिलाकडे झुकणारा, गोड असतो. तिच्यात बेंझॉइक आम्ल असल्यामुळे धूर घशाला लागतो, म्हणून ती थोडीच वापरावी. दुसरा म्हणजे बॉसवेलिया गटातील झाडांचा डिंक. ओमान आणि सोमालियातील जाती जगप्रसिद्ध आहेत आणि भारतातील कोरड्या पानझडी जंगलांत वाढणारी साळई हीही त्याच गटातली. तिचा डिंक कुंदरू या नावानेही मिळतो. याचा गंध लिंबासारखा ताजा आणि किंचित तारपिनाकडे जाणारा असतो.

दोन्हींतला फरक ओळखण्याची सोपी रीत म्हणजे खड्याची पूड थोड्या पाण्यात घोटणे. साळईच्या डिंकात पाण्यात विरघळणारा भाग असल्यामुळे पाणी दुधाळ होते. ऊद पाण्यात विरघळत नाही, कण तसेच तळाशी बसतात.

गुग्गुळ हा राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या प्रदेशांत वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा डिंक आहे. तोही पाण्यात घोटला असता दुधाळ होतो. त्यात माती, साल आणि दुसरे डिंक मिसळलेले सर्रास आढळतात, म्हणून घोटलेले पाणी थोडा वेळ ठेवून तळाशी वाळू किती बसते ते पाहावे. औषधासाठी गुग्गुळ काढ्यात शुद्ध करतात, मात्र धूपासाठी त्याची गरज नसते, काडीकचरा निवडून काढला की पुरते. आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. डिंक जास्त मिळावा म्हणून झुडपाला खोल घाव घातले जातात आणि त्यातून झाड मरते. आज ही वनस्पती नैसर्गिक अधिवासात अतिसंकटग्रस्त गणली जाते. गुग्गुळ चिमटीभरच वापरावा आणि लागवडीचा मिळत असेल तर तोच घ्यावा.

सालवृक्षाची राळ, सह्याद्रीतील पांढरा डामर आणि काळा धूप या राळा पाण्यात विरघळत नाहीत, भरपूर धूर देतात आणि सुट्या धूपात शोभतात. कांडीत त्या लवकर वितळून हवेच्या वाटा बुजवतात. हिराबोळाचा गंध कडवट आणि गंभीर असतो, तो एकटा कमी जणांना आवडतो, पण साळईच्या डिंकासोबत त्याची चांगली जोडी जमते.

मुळे, साली आणि मसाले

या गटात नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, वेखंड, जटामांसी, दालचिनी, लवंग आणि दगडफूल ही द्रव्ये नेहमी लागतात. मुळांचे गंध जड असतात आणि उशिरा निघतात, मसाल्यांचे गंध तीव्र असतात आणि पहिल्या झटक्यात येतात. कापूरकाचरी आल्याच्या कुळातली, तिचा गंध गोड आणि थंड, आणि ती जळतानाही फार बदलत नाही. सुरुवात करणाऱ्यासाठी याहून भरवशाचे मूळ मला माहीत नाही. वाळा मात्र फसवा आहे. पाण्यात तो जितका शीतल वाटतो, तितका धुरात वाटत नाही, तिथे तो गवत जळाल्यासारखा करपट होऊ शकतो, म्हणून त्याचे प्रमाण कमी ठेवून त्याला चंदनाच्या सोबतीला ठेवावे. लवंग आणि दालचिनी शंभर ग्रॅम मिश्रणात एकेक ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये, त्यांचा धूर नाकाला आणि डोळ्यांना झोंबतो. दगडफुलाचा स्वतःचा गंध मंद असला तरी इतर गंध रेंगाळत ठेवण्यासाठी ते उपयोगी पडते.

जटामांसी हिमालयाच्या उंच भागांत वाढते आणि तीही अतिसंकटग्रस्त आहे. तिचा व्यापारही साइट्स कराराखाली नियंत्रित आहे. एक-दोन ग्रॅममध्ये तिचे काम होते, आणि ती नसेल तर नागरमोथा थोडा वाढवून धूप अपुरा वाटत नाही.

कापूर कांडीत घालू नये. तो साध्या तापमानालाच उडून जातो, त्यामुळे काही आठवड्यांत त्याचा गंध नाहीसा होतो, आणि ताज्या कांडीत तो असला तर ती धुमसण्याऐवजी भडकते. बाजारातील बराचसा कापूर तारपिनापासून कारखान्यात तयार केलेला असतो, हेही लक्षात असू द्यावे. कस्तुरीमृगाला कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून खऱ्या कस्तुरीचा विचारच करू नये.

बांधणारी भुकटी

जिगट या नावाने मिळणारी भुकटी मैदा लकडी आणि तिच्याच कुळातील झाडांच्या सालीपासून करतात. पाणी लागले की ती बुळबुळीत होते, वाळली की घट्ट धरते, आणि जळताना तिचा स्वतःचा गंध फारसा पुढे येत नाही. जपानी धूपकांड्यांत वापरली जाणारी ताबू झाडाची सालही याच कुळातली. चिमूटभर जिगट तळहातावर पाण्याच्या दोन थेंबांसह चोळून बोटे उघडझाप करावीत, चांगल्या जिगटाचे तार निघतात. तार निघत नसतील तर ती जुनी किंवा भेसळीची समजावी.

जिगट मिळाली नाही तर गवारीचा डिंक, म्हणजे ग्वार गम, शंभर ग्रॅम कोरड्या मिश्रणास तीन-चार ग्रॅम पुरतो. बाभळीचा डिंकही चालतो, पण कांडी कडक होते आणि धुरात साखर जळाल्याची छटा येते.

पहिली पायरी: निखाऱ्यावर पारख

मातीच्या किंवा धातूच्या जाड भांड्यात चार-पाच सेंटीमीटर उंचीपर्यंत चाळलेली राख भरावी. साध्या लाकडी कोळशाचा तुकडा पूर्ण पेटवून, त्यावर राखेचा पांढरा थर आल्यावर, राखेत अर्धा पुरावा. काडी लावताच तडतडत पेटणाऱ्या कोळशाच्या वड्यांत सोरा असतो आणि त्याचा वास पारख बिघडवतो, म्हणून त्या टाळाव्यात. निखाऱ्यावर अभ्रकाची पातळ चकती ठेवून तिच्यावर घटकाची चिमूट टाकावी. या रीतीने घटक जळत नाही, नुसता तापतो, आणि त्याचा मूळ गंध कळतो. त्यानंतर तीच चिमूट थेट निखाऱ्यावर टाकावी.

गुग्गुळाचा मुगाएवढा खडा निखाऱ्यावर ठेवून पाहा. आधी त्याच्या कडा चमकू लागतात, मग तो मऊ होऊन बसतो, त्यावर बारीक बुडबुडे येतात आणि पांढरट धूर सरळ वर चढतो. काही क्षणांनी बुडबुडे थांबतात आणि मागे एक फुगलेली, काळी, हलकी कपची राहते. सुगंध बुडबुड्यांच्या टप्प्यात असतो. कपची राहिली की पुढे फक्त करपटपणा असतो आणि ती चिमट्याने उचलून टाकणे उत्तम. प्रत्येक घटकाचे हे तीन टप्पे, म्हणजे आरंभ, मधला आणि शेवटचा गंध, वहीत लिहून ठेवावेत. दोन घटकांच्या मध्ये खिडक्या उघडून हवा बदलू द्यावी, नाही तर नाक थकते आणि चौथ्या-पाचव्या घटकानंतर सगळे सारखेच वाटू लागते.

दुसरी पायरी: निवडणे, वाळवणे, कुटणे

मुळे धुऊन, बारीक चिरून सावलीत वाळवावीत. उन्हात वाळवल्याने उडनशील तेले कमी होतात. मूळ वाकवले असता न वाकता मोडले की ते कुटण्यायोग्य झाले. आधी खलबत्त्यात भरड करावी आणि मगच यंत्रात दळावे, तेही थोडे थोडे थांबून, कारण सतत फिरणारे पाते तापते आणि चूर्ण हुंगण्याआधीच त्यातला गंध उडू लागतो.

राळेची रीत वेगळी आहे. गुग्गुळ आणि हिराबोळ हाताच्या उबेनेही चिकट होतात, म्हणून ते कुटण्याआधी दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावेत, खलात थोड्या लाकडाच्या पुडीसह घ्यावेत आणि घासण्याऐवजी ठोकावेत. घासले की उष्णतेने गोळा होतो आणि बत्त्याला चिकटून बसतो.

कांडीसाठी सर्व चूर्ण वस्त्रगाळ हवे. जाड कण राहिले तर कांडी तिथे तुटते किंवा निखारा तिथपर्यंत येऊन विझतो. सुट्या धूपासाठी मात्र भरडच बरी, कारण ती सावकाश जळते. कुटताना आणि चाळताना नाका-तोंडावर मुखपट्टी बांधावी. लाकडाची धूळ फुप्फुसांना चांगली नाही, आणि ती हवेत दाट उडालेली असताना जवळ ज्योत अजिबात नसावी.

तिसरी पायरी: प्रमाण

शंभर ग्रॅम कोरड्या मिश्रणासाठी मी सुचवीन ते प्रमाण असे: चंदन आणि देवदार मिळून ४५ ग्रॅम, जिगट २० ग्रॅम, नागरमोथा ८, कापूरकाचरी ६, वाळा ५, जटामांसी २, साळईचा डिंक ८, गुग्गुळ ४, आणि लवंग व दालचिनी प्रत्येकी १ ग्रॅम. यात राळ-डिंकाचा वाटा बारा टक्के आहे. सवय झाल्यावर तो वीसपर्यंत नेता येतो, त्यापुढे कांडी विझण्याचा धोका झपाट्याने वाढतो. सुगंध वाढवायचा असल्यास आधी चंदनाचा वाटा वाढवावा, राळेचा नव्हे.

सर्व चूर्णे एकत्र करून तीन वेळा चाळावीत. नुसते ढवळल्याने जड राळ खाली बसते आणि एका कांडीचा गंध दुसरीशी जुळत नाही. मिसळलेले कोरडे चूर्ण झाकणबंद बरणीत एक-दोन दिवस ठेवले, तर गंध एकमेकांत उतरतात. घाई नसेल त्याने हे अवश्य करावे.

पाणी घालण्याआधी एक चाचणी करावी. चूर्णाची बोटभर लांब, अरुंद रेघ राखेवर ओढून एका टोकाला पेटवावी. रेघ शेवटपर्यंत धुमसत गेली तर आधार पुरेसा आहे. मध्येच विझली तर दहा ग्रॅम देवदाराची पूड वाढवून पुन्हा पाहावे. या टप्प्यावर दुरुस्ती सोपी असते. कांड्या वाळल्यावर दोष कळला तर सगळे पुन्हा दळावे लागते.

चौथी पायरी: मळणे आणि वळणे

कोमट पाणी थोडे थोडे घालत मळावे. शंभर ग्रॅमला साधारण ६० ते ८० मिलिलिटर लागते, पण जिगटाच्या प्रतीनुसार हे बदलते, म्हणून शेवटचे पाणी चमच्याने घालावे. गोळा कुंभाराच्या मातीसारखा व्हायला हवा: दाबला असता बोटाचा ठसा राहतो, पण हाताला लागत नाही. किमान दहा मिनिटे मळावे आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे. या वेळात जिगट पूर्ण फुलते, आणि कोरडा वाटणारा गोळा नरम होतो. म्हणूनच तो कोरडा आहे असे वाटून लगेच पाणी वाढवू नये.

काडीशिवायची कांडी वळताना गोळ्याचा बोराएवढा तुकडा घेऊन गुळगुळीत फळीवर आधी हाताने, मग दुसऱ्या सपाट फळीने पुढे-मागे लोळवावा. दाब फळीच्या मध्यावर असू द्यावा. टोकांवर दाब पडला की कांडी मध्ये जाड राहते. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर ठेवावी. वळताना कडेला भेगा दिसल्या तर गोळा कोरडा आहे, फळीला चिकटला तर ओला आहे. बांबूच्या काडीवर वळायचे असल्यास काडी वाळलेली आणि पातळ घ्यावी, पण तिच्या जळण्याचा स्वतःचा वास असतो. ज्याला घटकांचा शुद्ध गंध हवा आहे त्याने काडीशिवायचीच कांडी करावी, असे माझे मत आहे.

पाचवी पायरी: वाळवणे आणि मुरवणे

वळलेल्या कांड्या कागदावर एकमेकींना न टेकवता ठेवाव्यात. ऊन आणि पंख्याचा थेट वारा दोन्ही टाळावेत. पृष्ठभाग आधी सुकला आणि आत ओल राहिली की कांडी आकसताना वाकते किंवा चिरते. पहिल्या दिवशी दोनदा, नंतर रोज एकदा उलटाव्यात आणि किंचित कडक झाल्यावर दोन फळ्यांच्या मध्ये ठेवाव्यात, म्हणजे त्या सरळ राहतात. कोरड्या हवेत पाच ते सात दिवस, दमट हवेत त्याहून जास्त लागतात. मोडताना कट्कन आवाज आला आणि मोडलेला भाग आतूनही एकाच रंगाचा दिसला की ती वाळली.

ताज्या कांडीचा गंध कच्चा आणि विस्कळीत असतो. हवाबंद डब्यात दोन ते चार आठवडे मुरवल्यावर मसाल्यांची धार उतरते आणि राळ-लाकूड एकजीव वाटतात. पावसाळ्यात डब्यातील बुरशीवर लक्ष ठेवावे. बुरशी आलेली कांडी पुसून वापरू नये, टाकून द्यावी.

कांडी नीट जळत नसेल तर

विझत असेल तर आधी आणखी दोन दिवस वाळवून पाहावे, कारण बहुतेक वेळा ओलच कारण असते. तरीही विझली तर राळ जास्त झाली आहे किंवा कांडी जाड आहे. धूर काळपट आणि तेलकट येत असेल तर राळ वितळून ज्वलन अपुरे होत आहे. फार लवकर संपत असेल तर मिश्रण सैल आहे, जास्त मळावे किंवा जिगट दोन-तीन ग्रॅम वाढवावी. सुगंध चांगला पण मागे करपट छटा रेंगाळत असेल, तर वही उघडून कोणत्या घटकाचा शेवटचा टप्पा करपट नोंदवला आहे ते पाहावे, बहुधा पाने, पाकळ्या किंवा वाळा सापडतो. एका वेळी एकच घटक बदलावा.

सुटा धूप आणि मधातल्या गोळ्या

ज्याला राळेचा पूर्ण गंध हवा आहे, त्याने कांडीचा हट्ट सोडून सुटा धूप करावा. तिथे निखारा वेगळा असल्याने राळेचे प्रमाण अर्ध्याहून अधिक नेता येते आणि जिगट लागत नाही. साळईचा डिंक पाच भाग, गुग्गुळ एक, ऊद एक, चंदनाची भरड दोन आणि कापूरकाचरी एक भाग, हे मिश्रण चांगले वठते.

मधातल्या गोळ्या हाही जुन्या धाटणीचा प्रकार आहे. जपानमध्ये अशा मळलेल्या धूपाला खास मुरवून ठेवण्याची परंपरा आहे. वस्त्रगाळ चूर्णात घट्ट मध इतकाच घालावा की गोळी वळेल आणि बोटांना चिकटणार नाही. वाटाण्याएवढ्या गोळ्या झाकणबंद भांड्यात थंड, अंधाऱ्या जागी किमान एक महिना ठेवाव्यात. त्या कधीही थेट निखाऱ्यावर ठेवू नयेत, मध लगेच जळतो. अभ्रकावर, किंवा निखाऱ्याशेजारच्या गरम राखेवर ठेवल्या की त्या बराच वेळ जवळजवळ धुराविना दरवळतात.

धूर नैसर्गिक घटकांचा असला तरी तो धूरच असतो आणि त्यात सूक्ष्म कण असतात. म्हणून खोलीची एखादी खिडकी उघडी ठेवावी आणि एका वेळी एकच कांडी लावावी. दम्याचा त्रास असणारी व्यक्ती, तान्हे मूल किंवा पिंजऱ्यातील पक्षी असलेल्या खोलीत धूप जाळू नये. अभ्रकावर तापवण्याची रीतही कोळशाचा वायू साठू नये म्हणून हवेशीर जागीच वापरावी, आणि राखेचे भांडे पूर्ण थंड झाल्याशिवाय ते सोडून जाऊ नये.